एकसष्टाव्या सेकंदाची कुळकथा

१ जानेवारी २०१७ च्या पहाटे भारतीय प्रमाणवेळेत ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंद झाले, तरी पुढच्या सेकंदाला साडेपाच वाजले नाहीत. आधी ६० हा आकडा आला, मग साडेपाच. त्या मिनिटात ६१ सेकंद होते. १९७२ पासून जगाच्या घड्याळात घातलेला हा सत्ताविसावा आणि आजवरचा शेवटचा लीप सेकंद.

पृथ्वी मंदावते म्हणून लीप सेकंद लागतो, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे, पण अपुरे आहे. भरती-ओहोटीच्या घर्षणाने दिवस लांबतो, पण शंभर वर्षांत जेमतेम दोन मिलिसेकंदांनी. मग १९७० च्या दशकात जवळजवळ दरवर्षी एक अख्खा सेकंद साचत होता, तो कुठून? त्याचे मूळ सेकंदाच्याच जन्मात आहे.

सेकंद म्हणजे दिवसाचा ८६,४०० वा भाग, ही जुनी व्याख्या. १९३० च्या दशकात क्वार्ट्‌झची घड्याळे इतकी अचूक झाली की पृथ्वीचे परिवलनच ऋतुमानानुसार किंचित कमीजास्त होते, हे दिसू लागले. तेव्हा खगोलशास्त्रज्ञांनी सेकंद दिवसावरून काढून वर्षावर बांधला. त्यासाठी आधार घेतला सायमन न्यूकम यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या सूर्यकोष्टकांचा. ती कोष्टके अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतल्या वेधांवर उभी होती, त्यामुळे त्यांतून निघालेला सेकंद साधारण १८२० च्या सुमाराच्या दिवसाशी जुळणारा निघाला.

इंग्लंडमधल्या टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत लुई एसेन आणि जॅक पॅरी यांनी १९५५ मध्ये सीझियमचे घड्याळ चालू केले. वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत विल्यम मार्कोविट्‌झ चंद्राची छायाचित्रे घेत होते. चंद्राच्या गतीवरून मिळणारा तो वर्षावर बांधलेला सेकंद आणि सीझियमची कंपने यांचा मेळ तीन वर्षे घालून एका सेकंदातल्या कंपनांचा आकडा आला ९१९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७०. १९६७ मध्ये तोच सेकंदाची अधिकृत व्याख्या झाला. म्हणजे अणूने मोजलेला आपला सेकंद मापाने दीडशे वर्षांपूर्वीच्या पृथ्वीचा होता. १९७२ च्या सुमारास खरा दिवस ८६,४०० अणुसेकंदांपेक्षा सुमारे तीन मिलिसेकंदांनी मोठा होता. रोजचे तीन मिलिसेकंद ३६५ दिवस साचले की एक सेकंद होतो. पृथ्वी दरवर्षी एका सेकंदाने मंदावत नव्हती. मापच आखूड निवडले गेले होते आणि फरक रोज खात्यावर चढत होता.

१९६० च्या दशकात यावर तोडगा होता ताणलेल्या सेकंदाचा. रेडिओवरून प्रसारित होणाऱ्या वेळेचा सेकंदच पृथ्वीच्या गतीनुसार किंचित लांब ठेवायचा आणि अधूनमधून सेकंदाच्या छोट्या अंशाची उडी द्यायची. पण सेकंदाची लांबी बदलत राहिली तर प्रयोगशाळांनी आणि दळणवळणाने मोजायचे कशाने? १ जानेवारी १९७२ पासून नवा करार झाला: सेकंद अणूचाच, अगदी एकसारखा, पण घड्याळ आणि पृथ्वी यांच्यातला फरक एका सेकंदाच्या आत राहावा (पुढे ही मर्यादा ०.९ सेकंद ठरली) म्हणून गरज पडेल तेव्हा एक पूर्ण सेकंद घालायचा. ताऱ्यांवरून जागा काढणाऱ्या खलाशाला याचे मोल होते, कारण वेळेत एका सेकंदाची चूक म्हणजे विषुववृत्तावर सुमारे ४६० मीटरची चूक. पहिला लीप सेकंद ३० जून १९७२ ला आला.

आपल्या पंचांगातला अधिक महिनाही चांद्र आणि सौर वर्षांमधली अशीच फट भरतो. पण अधिक महिन्याचे गणित शंभर वर्षे आधी मांडता येते, लीप सेकंदाचे येत नाही. पृथ्वीच्या पोटातला द्रवरूप गाभा, वारे, वितळणारा बर्फ हे सगळे तिच्या गतीत ढवळाढवळ करतात. म्हणून पॅरिसच्या वेधशाळेतून घोषणा होते ती जेमतेम सहा महिने आधी. १९९९ ते २००५ अशी सात वर्षे एकाही सेकंदाची गरज पडली नव्हती.

संगणकाचे दुखणे इथेच सुरू होते. युनिक्स या संगणक प्रणालीची वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनची मोजणी, आणि तिथे प्रत्येक दिवस ८६,४०० सेकंदांचाच. ६० व्या सेकंदाला जागाच नाही. तो आला की एक आकडा पुन्हा मोजावा लागतो. ३० जून २०१२ ला लिनक्सच्या गाभ्यातला टायमर या उडीने एक सेकंद पुढे राहिला. क्षणभर थांबायला सांगितलेले प्रोग्रॅम थांबेचनात आणि प्रोसेसर पूर्ण जोराने फिरत राहिले. रेडिट आणि लिंक्डइनसारखी संकेतस्थळे अडखळली. २०१७ च्या त्या सेकंदाला क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या एका प्रोग्रॅमने दोन क्षणांमधले अंतर काढले; ते उणे आले आणि प्रोग्रॅम कोसळला. वेळ मागे जाते, ही शक्यता त्यात धरलेलीच नव्हती.

गूगलने त्याआधीच, २००८ पासून, दुसरी वाट धरली होती: जादा सेकंद कित्येक तासांवर पसरवायचा. पुढे ही पसरण चोवीस तासांची झाली, म्हणजे त्या काळात प्रत्येक सेकंद सुमारे ११.६ मायक्रोसेकंदांनी लांब. १९७२ मध्ये ज्या ताणलेल्या सेकंदाला निरोप दिला, तोच डेटा सेंटरमध्ये परत आला. शिवाय प्रत्येक कंपनीची पसरवण्याची रीत वेगळी, त्यामुळे तेवढा वेळ घड्याळे एकमेकांशीच जुळेनात.

नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हर्सायला भरलेल्या वजन-मापांच्या जागतिक परिषदेने ठरवले की ०.९ सेकंदाची मर्यादा २०३५ पर्यंत वाढवायची, इतकी की किमान शतकभर जगाची वेळ अखंड चालावी. २०२० पासून पृथ्वी थोडी वेगात असल्याने सेकंद काढून टाकायची वेळही येऊ शकते. तो प्रयोग कुणीच केलेला नाही, त्यामुळे ही घाई समजण्यासारखी आहे.

निर्णय मला पटतो, पण एका अटीवर. जुन्या करारात ०.९ सेकंदाची हमी आहे. घड्याळ पाहणाऱ्याला पृथ्वी कुठे आहे हे आपोआप कळते. ती हमी सैल होताच पृथ्वीचा नेमका कोन सांगणारा आकडा दुर्बिणी आणि अवकाशयाने चालवणाऱ्यांना वेगळा पुरवावा लागेल. त्यासाठी दूरच्या क्वेसारांचे रेडिओवेध अखंड घेतले पाहिजेत आणि ते सर्वांना खुले ठेवले पाहिजेत. साचलेला फरक पुढच्या पिढ्यांनी कसा फेडायचा, याचा नियमही मर्यादा वाढवताना आजच लिहून ठेवायला हवा.