श्वान जनुकीय चाचणी
कुत्र्याच्या गालाच्या आतील पेशी किंवा रक्त घेऊन आनुवंशिक रोगांशी निगडित जनुकीय बदल शोधणारी तपासणी. टाशा या बॉक्सर कुत्रीचा जनुकसंच २००५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि या शास्त्राला वेग आला.

औषधोपचारात ‘एमडीआर-१’ जनुकाची चाचणी सर्वांत उपयोगी. यातील दोष २००१ मध्ये उजेडात आला. दोष असलेल्या कुत्र्यात आयव्हरमेक्टिनसारखी औषधे मेंदूत साचतात. मोठ्या मात्रेने तोल जाणे, आंधळेपणा, प्रसंगी मृत्यू ओढवतो. कोली जातीत हा दोष फार आढळतो, काही जर्मन शेफर्डमध्येही. रायगड जिल्ह्यातील कर्जत-खालापूरसारख्या दमट, गुरांच्या भागात गोचीड व खरजेचा त्रास मोठा. तिथे गुरांसाठीचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन अंदाजाने कुत्र्याला देणे धोक्याचेच आहे.

लॅब्रॅडोरमध्ये श्रमानंतर कोसळण्याच्या विकाराची (‘डीएनएम-१’ जनुक) चाचणी होते. बाधित कुत्र्याला उन्हात दमवू नये. एकच जनुकप्रत सदोष असलेला निरोगी वाहक कुत्रा टाकाऊ नव्हे, मात्र दोन वाहकांचा संकर टाळावा. जर्मन शेफर्डच्या पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूच्या विकारात दोन्ही जनुकप्रती सदोष असूनही सर्वच कुत्रे आजारी पडत नाहीत. खुब्याच्या सांध्याचा दोष अनेक जनुकांवर आणि आहार-वजनावर अवलंबून असल्याने तिथे क्ष-किरण तपासणीच लागते.

गावठी कुत्र्यांना मात्र जनुकीय चाचणीआधी रेबीजची लस आणि गोचीडनियंत्रण हवे. गोचीडताप परजीवी किंवा जिवाणूंमुळे होतो. त्याच्या निदानासाठी जनुकीय चाचणी नव्हे, तर रक्तात हे जंतू तपासावे लागतात.