मॉड्यूल (पायथन)

मॉड्यूल : पायथन या संगणकभाषेत एकदा लिहिलेला कोड दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये न उतरवता वापरण्याची सोय. '.पीवाय' अशी ओळख लावलेली साधी फाइल म्हणजेच मॉड्यूल. वेगळी नोंदणी किंवा खास रचना लागत नाही. गीदो व्हान रॉसुम यांनी १९९१ साली पायथन प्रसिद्ध केली तेव्हापासून ही सोय तिच्यात आहे. या सोयीची कल्पना मॉड्युला-३ या भाषेवरून घेतलेली आहे.

समजा, 'व्याज' नावाच्या फाइलीत 'सरळ' आणि 'चक्रवाढ' ही दोन फंक्शने लिहिली. (पायथन ३ पासून, म्हणजे २००८ पासून, अशी नावे देवनागरीत देता येतात; राखीव शब्द आणि आकडे मात्र इंग्रजीच लागतात.) दुसऱ्या फाइलीत 'इम्पोर्ट व्याज' असे लिहून 'व्याज.सरळ' या फंक्शनला मुद्दल १०,०००, दर ८ आणि मुदत ३ वर्षे दिली की २४००.० हे उत्तर मिळते. टिंबाच्या आधीचे 'व्याज' येथे महत्त्वाचे. 'कर्ज' आणि 'विमा' या दोन्ही मॉड्यूलांत 'हप्ता' नावाचे फंक्शन असले तरी गल्लत होत नाही, कारण प्रत्येक नाव आपापल्या मॉड्यूलच्या हद्दीत राहते. कोड पुन्हा लिहावा लागत नाही हा फायदा सर्वांना दिसतो. पण मॉड्यूलचे खरे मोल नावांच्या या हद्दीत आहे. म्हणूनच 'फ्रॉम व्याज इम्पोर्ट' पुढे तारांकन देऊन सगळी नावे एकदम आत ओढणे टाळावे. हद्द पुसली जाते आणि कोणते फंक्शन कुठून आले हे वाचणाऱ्याला कळत नाही.

इम्पोर्ट करताना पायथन ती फाइल वरपासून खालपर्यंत खरोखर चालवते. एकदा चालवलेले मॉड्यूल स्मृतीत नोंदले जाते, त्यामुळे त्याच प्रोग्रॅममध्ये दहा ठिकाणी इम्पोर्ट केले तरी ते पुन्हा चालत नाही. फाइल बदलली आणि चालू सत्रात बदल दिसेना, याचे कारण बहुधा हेच असते. फाइलीत चाचणीच्या ओळी असतील तर त्याही इम्पोर्टच्या वेळी चालतात. त्या आवरण्यासाठी '__नेम__' हे चल तपासतात : फाइल थेट चालवली तर त्याची किंमत '__मेन__' असते, इम्पोर्ट केली तर मॉड्यूलचे नाव.

अनेक मॉड्यूले एका फोल्डरमध्ये ठेवली की पॅकेज होते. इतरांनी लिहिलेली पॅकेजे 'पायपीआय' या सार्वजनिक भांडारातून 'पिप' या साधनाने उतरवून घेतात.

मॉड्यूल शोधताना पायथन चालवलेल्या फाइलीचे फोल्डर आधी पाहते, पायथनसोबतच येणारे मॉड्यूलांचे प्रमाण ग्रंथालय नंतर. नवशिक्याची हमखास फसगत होते ती इथे. यादृच्छिक संख्यांचा सराव करताना तो स्वतःच्या फाइलीला 'रँडम' असे नाव देतो; मग 'इम्पोर्ट रँडम' म्हटल्यावर ग्रंथालयातले मॉड्यूल न मिळता त्याचीच फाइल मिळते आणि 'असे फंक्शन नाही' अशी चूक दाखवली जाते. कोड बरोबर असल्यामुळे दोष सापडता सापडत नाही. २०२४ च्या ३.१३ आवृत्तीपासून अशा वेळी फाइलीचे नाव बदलण्याची सूचना त्या चुकीच्या संदेशातच मिळते.