सीताफळाची भेग

१९८४ साल. हिंगोली जिल्हा व्हायला अजून पंधरा वर्षे होती. आम्ही कळमनुरीकर तेव्हा परभणी जिल्ह्यातले. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या तयारीसाठी ड्रॉइंगच्या सरांनी स्टुलावर एक घागर, चुण्या पडलेले फडके आणि दोन सीताफळे मांडली होती. चित्र दुसऱ्या दिवशीही चालले. तोवर एक फळ उकलले आणि आतला गर दिसू लागला. मी ती भेग काढली. सरांनी खोडरबर पुढे केले. “परीक्षेत फुटके फळ काढत नसतात.”

सरांचे चुकले नव्हते. वस्तुचित्रात आकार, प्रमाण आणि छायाप्रकाश बघतात. फळ पिकले की कच्चे, हा प्रश्नच तिथे नसतो. ही शिस्त आपल्याकडे इंग्रजी अमदानीतल्या कलाशिक्षणातून आली, मुंबईचे जे. जे. स्कूल १८५७चे. पण ज्या युरोपातून ती आली, तिथले फळ इतके मुके नव्हते. कॅराव्हॅजिओने १६००च्या सुमारास रंगवलेली फळांची टोपली मिलानच्या अँब्रोसियाना संग्रहात आहे. तिच्यातले सफरचंद किडलेले आहे, पाने सुकत चालली आहेत. पुढे डच चित्रकारांनी कवटी, विझलेली मेणबत्ती, अर्धे सोललेले लिंबू मांडले. गोडी आहे पण टिकणार नाही, हे त्या काळच्या प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागत नसे. आमच्या स्टुलापर्यंत येता येता मांडणी तेवढी उरली, हुरहूर वाटेत गळाली.

गंमत अशी की याच जे. जे.चे विद्यार्थी दुसऱ्या तऱ्हेची फळेही गिरवत होते. जॉन ग्रिफिथ्स १८७२पासून त्यांना घेऊन अजिंठ्याला जात. पेस्तनजी बोमनजी त्यांतले एक प्रमुख. पहिल्या लेण्याच्या छतावरचे चौकोन त्यांनी उतरवून घेतले. त्यांत आंबे आहेत, वांगी आहेत, आणि ग्रिफिथ्सना सीताफळ वाटलेले एक खवल्यांचे फळ आहे. सीताफळ मूळचे अमेरिकेतले, पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात इकडे आले असे मानतात. चित्र मात्र पाचव्या शतकातले. आपल्या मातीतले फळ अजिंठ्यात असावे, असे मराठवाड्याच्या माणसाला वाटणारच. मलाही वाटते. पण नुसत्या खवल्यांवरून ते सीताफळच, असे म्हणायला माझे मन धजत नाही.

नावापेक्षा त्या फळांची जागा मला महत्त्वाची वाटते. त्यांच्याखाली टेबल नाही, शेजारी सुरी नाही, पडछाया नाही. आणि हा विहार आहे, भिक्षूंचे निवासस्थान. भिक्षूने स्वतः फळ तोडायचे नाही, कुणी दिले तरच घ्यायचे, असा विनयाचा नियम. म्हणजे रोज ज्याच्या डोक्यावर ही फळबाग, त्याने ती तोडायची नव्हती. युरोपातले फळ नासण्याची आठवण देते. हे फळ हाताला लागतच नाही, म्हणून भरलेले राहते. नुसती समृद्धीची प्रतीके म्हणून ती बाजूला सारतात, ते मला पटत नाही. हवेसे वाटणे आणि हात न लावणे, दोन्ही त्या छतावर एकत्र आहेत.

ग्रिफिथ्सच्या मंडळींचे काम १८८५पर्यंत चालले. त्याच वर्षी लंडनमध्ये साउथ केन्सिंग्टनला लागलेल्या आगीत त्यांतल्या बऱ्याच नकला जळाल्या.

माझी ड्रॉइंगची वही अजून आहे. भेग खोडली तिथे कागद पातळ झालाय. उजेडाकडे धरला, की सीताफळाच्या मधोमध तेवढाच पट्टा पांढरा दिसतो.