बोटीचे इंजिन वॉरंटीत आहे, पण पार्ट मिळत नाही? जाणून घ्या तुमचे हक्क

गोंदिया जिल्ह्याला समुद्र नाही, पण नवेगावबांध, इटियाडोहसारखे मोठे जलाशय आहेत. अशा ठिकाणी ऐन हंगामात बोटीचे इंजिन बंद पडले, तर पार्ट येईपर्यंत कमाईचे दिवस निघून जातात.

उशीर का होतो?
बोटीच्या मागे बसवायची आउटबोर्ड इंजिने बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या प्रामुख्याने जपानी आणि अमेरिकी आहेत. पार्ट देशातल्या साठ्यात नसेल, तर तो बाहेरून मागवावा लागतो. वॉरंटीत काम असेल, तर आधी तपासणी आणि मग कंपनीची मंजुरी. त्यात बोटीच्या सांगाड्याची आणि इंजिनाची वॉरंटी बहुधा वेगवेगळी असते.

कायदा काय सांगतो?
ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. विक्रेता मुंबईचा असला, तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात चालते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल, तर शुल्क नाही. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू या कायद्यात बसत नाही; मात्र स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली बोट बसते.

काय कराल?
• बिल, वॉरंटी कार्ड, इंजिनाचा सिरीयल नंबर आणि सर्व्हिसच्या नोंदी जपून ठेवा.
• बिघाड लगेच लेखी कळवा. नुसत्या फोनवर थांबू नका.
• पार्ट कधी येणार, ते लेखी मागा.
• दाद लागली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.
• गाळाच्या पाण्यात कूलिंग पंपाचा इम्पेलर लवकर झिजतो. तो आणि स्पार्क प्लग जास्तीचे आणून ठेवा.