आकाशातली शाळा

इथे अमेरिकेत तंत्रज्ञानाच्या जुन्या गोष्टी वाचायचा मला नाद लागला आहे. त्यातलीच ही एक.

१९६१ साली इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या विमानतळावरून डीसी-६ विमाने उडू लागली. सुमारे २३,००० फुटांवर घिरट्या घालत ती सहा राज्यांतल्या शाळांना टीव्हीवरचे धडे पोचवत. उंच मनोरा बांधण्याऐवजी अँटेनाच आकाशात नेली! इंजिनियर म्हणून मी या युक्तीवर खूश आहे.

पण त्याहून मोलाच्या वाटतात त्या शिक्षकांसाठी छापलेल्या मार्गदर्शिका. पडद्यावरचे गुरुजी 'समजलं का?' विचारतील, पण उत्तर त्यांना ऐकू येत नाही. ते ऐकायचे वर्गातल्या शिक्षकानेच.

१९६८ मध्ये विमाने थांबली. पुढे १९७५-७६ साली नासाच्या उपग्रहावरून आपल्याकडे 'साइट' प्रयोग झाला. सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही पोचला, आणि हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षणही त्यावरून मिळाले.

म्हणून शाळेत नवे यंत्र आले की किंमत नंतर विचारावी. शिक्षकाला तयारीसाठी किती दिवस दिले, हे आधी विचारावे.