भोवळ, भोवरा आणि भोवणं

मनाशी खेळणाऱ्या काळोख्या चित्रपटांना मराठी वर्तमानपत्रं 'मानसशास्त्रीय थरारपट' म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण उच्चारताना एखाद्या विद्यापीठाच्या विभागालाच हुडहुडी भरली असावी असं वाटतं. 'मानसशास्त्रीय' हा वर्गात शिकवायचा शब्द आणि 'थरार' हा अंगाचा. दोघांची गाठ बांधली आहे, पण संसार काही होत नाही.

थरार साधा आहे, म्हणून तो आधी. थरथर, थरकाप, थरारणं या सगळ्यांच्या मुळाशी कोणताही थोर धातू शोधायची गरज नाही. कापणाऱ्या वस्तूचा जो नाद होतो, त्याचीच ही नक्कल. 'थरकाप'मधला काप म्हणजे कंप, एवढंच काय ते संस्कृत. इंग्रजी 'थ्रिल' मात्र वेगळ्याच गल्लीतून आलं. जुन्या इंग्रजीत त्याच्या पूर्वजाचा अर्थ होता भोक, आणि त्यावरून झालेल्या क्रियापदाचा अर्थ आरपार भोसकणं. नाकपुडीला इंग्रजीत 'नॉस्ट्रिल' म्हणतात त्याचा उत्तरार्ध तोच, म्हणजे नाकाचं भोक. इंग्रजीने आत काय घुसलं ते पाहिलं, मराठीने बाहेर काय हललं ते पाहिलं. सुरा, पाठलाग, दार उघडण्याचा आवाज असल्या चित्रपटांना दोन्ही शब्द पुरतात.

मला म्हणायचं आहे ते दुसऱ्या जातीच्या चित्रपटांविषयी. ते पाहताना अंग हलतच नाही. माणूस खुर्चीत स्वस्थ बसलेला असतो, शेजारी कुणी ओरडत नाही, पडद्यावर रक्तही फारसं नसतं. तरी बाहेर पडल्यावर रस्त्यावरचे दिवे, ओळखीचं वळण, बरोबरच्या माणसाचा चेहरा, कशावरच पुरता भरवसा बसत नाही. याला थरार म्हणणं चूक आहे. याचा शब्द मराठीत आहे, तोही घरचा.

तिथे जायची वाट भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायातून जाते. दोन सैन्यांच्या मध्ये उभा असलेला अर्जुन आपली लक्षणं एखाद्या वैद्याला सांगावीत तशी सांगतो. अवयव गळाले, तोंडाला कोरड पडली, अंगाला कापरं भरलं, रोमहर्ष झाला, गांडीव हातातून निसटू लागलं, कातडीची आग होते आहे, उभं राहवत नाही. आणि अगदी शेवटी, मन जणू भ्रमतं आहे. कापरं आणि काटा ही यादीच्या मधली लक्षणं, मन ढळणं हे शेवटचं. व्यासांनी क्रम विचार करून लावला असेल की नाही कोण जाणे, पण थरारपट आणि माझ्या मनातला चित्रपट यांच्यातलं अंतर या यादीत बरोबर मोजलेलं आहे.

जाता जाता, त्या 'रोमहर्ष'मधला हर्ष म्हणजे आनंद नव्हे. हृष् म्हणजे केस ताठ उभे राहणं. लॅटिनमध्ये त्याच कुळातला शब्द आहे, त्याचाही अर्थ केस उभे राहणं, आणि त्यावरून इंग्रजीत आला 'हॉरर'. म्हणजे लग्नपत्रिकेतला हर्ष आणि भयपटाच्या जाहिरातीतला हॉरर हे दूरचे भाऊ. भीतीने काय किंवा सुखाने काय, अंगावर काटा एकाच तऱ्हेने येतो. पुढे एका भावाने मंगल कार्यालय धरलं, दुसऱ्याने स्मशान.

आता भ्रम्. या धातूचा मूळ अर्थ चुकणं नव्हे, फिरणं. भ्रमण, परिभ्रमण हे त्याचे सरळ वंशज. मराठीपर्यंत येताना मधल्या 'म'चा 'व' झाला. ग्रामचं गाव झालं, नामचं नाव झालं, तसं भ्रमचं 'भोव' झालं. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधी भोंवरा, भोंवळ असं अनुस्वार देऊन लिहीत. ते टिंब म्हणजे गेलेल्या 'म'ची खूण होती. नियमांनी ती पुसली, आणि एरवी कोशात न डोकावणाऱ्याला भ्रम आणि भोवळ यांचं नातं कळायची सोयच राहिली नाही.

या घराण्यात किती माणसं आहेत पाहा. गरगरणाऱ्या डोक्याची भोवळ. पाण्यातला भोवरा, दोरी गुंडाळून फेकायचा भोवरा, डोक्यावरच्या केसांचा भोवरा. घोडा किंवा बैल घेताना अंगावरचे भोवरे बघून शुभाशुभ ठरवणारे जाणकार बाजारात असत, त्यांच्या लेखी तर जनावराचं नशीबच भोवऱ्यात असे. सभोवती, अवतीभोवती यांतला 'भोवती' इथलाच. डोकं फिरलेला तो भ्रमिष्ट. आणि 'संभ्रम' हा तर गंमतीदार चुलतभाऊ: संस्कृतात त्याचे अर्थ लगबग, धांदल, आदर, मराठीत तो गोंधळावर येऊन थांबला आणि कन्नडमध्ये त्याचा अर्थ झाला उत्सव, आनंदसोहळा. बेळगावच्या मराठी माणसाने कन्नड फलकावर लग्नाचा 'संभ्रम' वाचला तर त्याने नवरा-नवरीची काळजी करू नये.

हे सगळं घराणं एकाच चित्रपटात पाहायचं असेल तर तो आल्फ्रेड हिचकॉकचा, १९५८चा 'व्हर्टिगो'. व्हर्टिगो म्हणजे भोवळ. बोआलो आणि नार्सजाक या फ्रेंच जोडीच्या १९५४च्या कादंबरीवरून तो केला. कथा सॅन फ्रान्सिस्कोतली. जॉन फर्ग्युसन, मित्रांचा स्कॉटी, हा पोलीस गुप्तहेर छपरांवरून एका गुन्हेगाराचा पाठलाग करताना पन्हळीला लटकतो, त्याला वाचवू पाहणारा शिपाई खाली पडून मरतो, आणि तेव्हापासून उंचीवर गेलं की याला भोवळ येते. नोकरी सोडलेल्या स्कॉटीला गॅव्हिन एल्स्टर हा कॉलेजातला जुना मित्र काम देतो: माझ्या बायकोवर, मॅडलिनवर, नजर ठेव. तिला मेलेल्या पणजीने पछाडलं आहे असं त्याचं म्हणणं.

मग एल्स्टरच्या बायकोच्या गाडीमागे स्कॉटीची गाडी. शहराचे चढ-उतार, वळणं, फुलांचं दुकान, दफनभूमी, संग्रहालय. तिथे पणजीचं, कार्लोटा वाल्डेसचं, चित्र लावलेलं आहे. मॅडलिन त्यासमोर पाठमोरी बसते, आणि कॅमेरा तिच्या अंबाड्याकडे सरकतो. चित्रातल्या बाईचा अंबाडाही तसाच वळलेला. भोवराच तो! संस्कृतात कपाळावर रुळणाऱ्या कुरळ्या बटेला 'भ्रमरक' म्हणत. आपला भोवरा त्याच ठिकाणाहून निघाला. सॉल बास या शीर्षककाराने चित्रपट सुरू होण्यापूर्वीच एका बाईच्या डोळ्यातून रंगीत भोवरे फिरत बाहेर काढले होते, त्यांचा अर्थ हा अंबाडा बघताना लागतो.

एका प्रसंगी स्कॉटी तिच्या गाडीमागून गल्ल्यागल्ल्यांतून फिरत राहतो, आणि शेवटी गाडी थांबते ती त्याच्याच दारात. ती आभाराची चिठ्ठी टाकायला आलेली असते. कोकणात याला चकवा लागणं म्हणतात. रात्री घराकडे निघालेला माणूस चालत राहतो आणि पुन्हा त्याच झाडाखाली येतो. चकव्यात कुणी भूत दिसत नाही, कुणी गळा धरत नाही, फक्त वाट वर्तुळ होते. हिचकॉकने हे भर दुपारी, उन्हात दाखवलं आहे.

राजा परांजप्यांचा १९६४चा 'पाठलाग' मराठी प्रेक्षकांना आठवेल. त्यातही मेलेल्या बायकोसारखी हुबेहूब दिसणारी बाई समोर उभी राहते आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांवरचा विश्वास उडतो. त्याचा हिंदी अवतार 'मेरा साया' १९६६ला आला. पण 'पाठलाग'मधला संशय सुटतो. 'व्हर्टिगो'मधला सुटतो तेव्हा अधिकच त्रास देतो.

कारण हिचकॉक गुपित शेवटपर्यंत राखत नाही. (चित्रपटाला साठ वर्षं उलटून गेली आहेत, तेव्हा ते इथे फोडलं तर कुणी रागावू नये.) मॅडलिन जुन्या मिशनच्या मनोऱ्यावर धावत जाते, स्कॉटी जिन्यात अडकतो, खिडकीतून एक देह कोसळताना दिसतो. स्कॉटी मनोरुग्णालयात जातो. बाहेर आल्यावर त्याला रस्त्यात ज्युडी नावाची दुकानातली मुलगी दिसते, आणि थोड्याच वेळात प्रेक्षकांना कळतं की मॅडलिन म्हणून वावरलेली ती हीच. खरी बायको एल्स्टरने मारली, ही तिची सोंगाडी. स्कॉटीला ते माहीत नाही. तो ज्युडीला मॅडलिनसारखे कपडे घ्यायला लावतो, केस रंगवायला लावतो, अंबाडाही तसाच हवा म्हणून हट्ट धरतो. हे पाहणं मला खुनापेक्षा असह्य वाटतं. मेलेली बाई हवी म्हणून जिवंत बाई पुसायची, आणि ती प्रेमापोटी पुसून घेते.

जिन्यावरचं ते प्रसिद्ध दृश्य तांत्रिक कौतुकाचा विषय झालं आहे: ट्रॉली आणि झूम एकाच वेळी उलट दिशांनी न्यायचे. मनोरा जागच्या जागी राहतो आणि त्याची खोली पाझरल्यासारखी खाली ताणली जाते. जिन्याची लहान प्रतिकृती आडवी पाडून ते घेतलं, आणि तेवढ्यासाठी १९,००० डॉलर लागले असं हिचकॉकनेच फ्रान्स्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाला सांगितलं. पण अर्जुनाच्या यादीतलं शेवटचं लक्षण पडद्यावर उमटतं ते या करामतीत नव्हे, आरशापुढच्या एका साध्या क्षणात.

ज्युडी आता पुरती मॅडलिन झाली आहे. जेवायला बाहेर जायचंय. काळा पोशाख घालून, खुशीत, घाईघाईत ती गळ्यात हार घालते आणि मागचा फासा लावायला स्कॉटीला बोलावते. तो आरशात बघतो. हा हार कार्लोटाच्या चित्रातला. सगळं कळतं.

संस्कृत नाट्यशास्त्राला या क्षणासाठी नेमका शब्द माहीत होता: विभ्रम. पुन्हा तोच भ्रम्. दहाव्या शतकात माळव्याच्या मुंज राजाच्या दरबारात धनंजयाने 'दशरूपक' लिहिलं. त्यात नायिकेच्या स्वाभाविक अलंकारांत विभ्रम येतो, आणि त्याची व्याख्या अशी की प्रियकर भेटणार या घाईत दागिने भलत्याच जागी घातले जाणं. पुढे विभ्रमाचा अर्थ नखरा झाला, आणि आजची मानसशास्त्राची पुस्तकं हा शब्द आजाराच्या लक्षणांसाठी राबवतात. पण धनंजयाच्या व्याख्येने पाहिलं तर ज्युडीचं काय चुकलं ते एका शब्दात येतं. प्रेमाच्या लगबगीत दागिना भलत्या जागी गेला. स्थान चुकलं नव्हतं, गळा चुकला होता.

फ्रान्समध्ये हा चित्रपट लावताना नाव बदललं, त्याचा अर्थ 'थंड घाम'. फ्रेंचांनी आपल्या अष्टसात्त्विक भावांतला स्वेद उचलला म्हणायचा. मला ते पटत नाही. घाम पुसता येतो.

मूळ नावच बरं, कारण त्याचेही नातेवाईक आपल्याकडे आहेत. व्हर्टिगो हा लॅटिन शब्द 'वळणे' या अर्थाच्या धातूवरून आला, आणि त्या धातूचं संस्कृतातलं भावंड म्हणजे वृत्. वर्तुळ, आवर्त, आवर्तन, वृत्तान्त ही सगळी त्याची मुलं. मराठीत उतरताना वर्त्मन्ची वाट झाली, वर्तिकेची वात झाली, आणि वर्तुळाचं झालं वाटोळं. वाटोळं म्हणजे गोल. आणि वाटोळं म्हणजे सत्यानाश. 'व्हर्टिगो'चं मराठी शीर्षक कुणी विचारलंच तर मी 'भोवळ' सुचवीन, पण दुसरा पर्याय म्हणून 'वाटोळं' चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवीन.

भोवणं या क्रियापदाचंही असंच आहे. आधी ते नुसतं फिरणं होतं. मग केलेली गोष्ट फिरून करणाऱ्यावर येणं झालं: लबाडी त्याला भोवली, अतिशहाणपण भोवलं. कर्मविपाकावर आपल्याकडे ग्रंथच्या ग्रंथ आहेत, आणि भाषेने ते काम एका फिरण्यात उरकलं आहे. या क्रियापदाचं व्याकरण मात्र जरा सैल आहे. भोवते ती करणी, आणि ज्याला भोवते तो चतुर्थीत बसतो. चतुर्थीतला माणूस आणि करणी करणारा माणूस एकच असले पाहिजेत अशी अट कुठेही नाही. 'दुसऱ्याचं पाप मला भोवलं' हे वाक्य मराठीत खुशाल चालतं.

'व्हर्टिगो' नेमका त्याच सैल जागेवर उभा आहे. शेवटी स्कॉटी ज्युडीला त्याच मनोऱ्यावर ओढत नेतो. या खेपेला वरपर्यंत चढतो, त्याची भोवळ गेलेली असते. अंधारातून एक जोगीण वर येते, ज्युडी दचकते आणि खाली जाते. पैसे घेऊन सोंग केलं ते तिला भोवलं. स्कॉटीला जिवंत बाईत मेलेली शोधणं भोवलं. ज्याने खून केला तो एल्स्टर मात्र बायकोचे पैसे घेऊन केव्हाच निघून गेलेला असतो.

खून करून माणूस सुटतो हे सेन्सॉरांना चालेल की नाही, या धास्तीने एक जादा शेवट चित्रित करून ठेवला होता. त्यात स्कॉटीची मैत्रीण मिज खोलीत रेडिओ ऐकते आहे आणि बातमीत सांगतात की एल्स्टरचा युरोपात माग लागला आहे, तो पकडला जाईल. भोवणं या क्रियापदाला जे हवं ते त्या बातमीत अगदी नियमाप्रमाणे घडतं. हिचकॉकने तो तुकडा आपल्या चित्रपटात ठेवला नाही.