विम्याचा पैसा कुणाचा?

विम्याच्या अर्जात वारसाचे नाव लिहायला एक जागा असते. ती कोरी टाकून जाणारे गृहस्थ आपल्याकडे थोडे नाहीत. माणूस हप्ते नेमाने भरतो, पावत्या जपून ठेवतो, पण तेवढी ओळ भरायला त्याचा हात धजत नाही. अभद्र वाटते म्हणा, की नुसता आळस म्हणा! मग तो गेल्यावर ते पैसे कुणाचे? या प्रश्नाचा इतिहास जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे, आणि मला तो समाजसुधारणेच्या इतिहासाइतकाच बोलका वाटतो.

मुंबई इलाख्यात १८२७ साली आठवे रेग्युलेशन झाले. वारसाने जिल्ह्याच्या कोर्टात अर्ज करावा, कोर्टाने जाहीरनामा लावून हरकती मागवाव्या आणि मग दाखला द्यावा, अशी त्यात सोय होती. पुढे येणे वसूल करण्याच्या दाखल्याचा कायदा १८८९ साली आला आणि तो १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात सामावला गेला. पण यातली मेख अशी, की दाखला म्हणजे मालकी नव्हे. दाखलेवाल्याला पैसे दिले की देणारा मोकळा होतो, एवढेच. कायद्याला पहिली काळजी देणाऱ्याची, विधवेची नव्हे.

विधवेच्या वाट्याला काय येई? हप्ते एकत्र कुटुंबाच्या पैशातून गेले असतील, तर रक्कम कुटुंबाची. नवऱ्याची स्वतःची कमाई असली तरी मुलगा असल्यास ती मुलाकडे जाई, आणि बाईच्या पदरी पोटगी! बरे, पगार तरी नवऱ्याचा स्वतःचा होता का? कुटुंबाच्या खर्चाने शिकलेल्या माणसाच्या मिळकतीवर भाऊबंद हक्क सांगत. तो वाद १९३० साली मुकुंदराव जयकरांच्या पुढाकाराने झालेल्या विद्याधनाच्या कायद्याने मिटला. १९३७ साली विधवेला मुलाइतका वाटा मिळाला, पण तोही हयातीपुरता.

एक वाट मात्र आधीच उघडली होती. ज्या १८७४ साली मुंबईत ओरिएंटल विमा कंपनी निघाली, त्याच साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला. त्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे बायकोमुलांच्या हितासाठी म्हणून काढलेली पॉलिसी हा त्यांच्यासाठी केलेला न्यास ठरतो. ती नवऱ्याच्या इस्टेटीत धरली जात नाही आणि सावकाराचा हातही तिला लागत नाही. पण हे कलम हिंदूंना लागू आहे की नाही, यावर वाद चालला. अखेर १९२३ च्या दुरुस्तीने ते हिंदू, मुसलमान, शीख व जैन यांना स्पष्टपणे लागू झाले.

१९३८ च्या विमा कायद्याने नाव नेमण्याची सोय केली, आणि लोकांना वाटले, प्रश्न सुटला. १९५६ हे वर्ष तर मोठेच: १७ जूनला हिंदू वारसा कायदा आला, आणि १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ. विधवेला पूर्ण मालकी मिळाली. पण १९८३ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टापुढे एक प्रकरण आले. नेमलेले नाव बायकोचे होते, आणि मयताच्या आईने व मुलाने वाटा मागितला होता. कोर्ट म्हणाले, नेमलेली व्यक्ती पैसे घेणारा हात आहे, पैसे वारसांचे. म्हणजे १८२७ च्या दाखल्याचेच तत्त्व! २०१५ च्या दुरुस्तीने आईबाप, नवरा-बायको व मुले यांच्यापैकी कुणाला नेमले असेल, तर त्यांच्या स्वतःच्या हक्काची भाषा कायद्यात घातली.

पण ही भाषा नाव लिहिणाऱ्यांसाठी. ओळ कोरीच राहिली, किंवा नेमलेला माणूस आधी वारला आणि दुसरे नाव घातले नाही, तर पैसे वारसांकडे जातात. लहान रकमेला विमा कंपन्या कधी दाखल्याची अट सोडतात. मोठ्या रकमेला अर्ज, कोर्ट फी, नोटीस आणि हरकतींची वाट पाहणे आहेच. मृत्युपत्र न करता गेलेल्या हिंदू माणसाची आई, बायको, मुलगे व मुली त्यात सारख्या वाटेकरी. बापाला मात्र, हे सारे असताना, एक पैही मिळत नाही. म्हाताऱ्या बापासाठी म्हणूनच विमा काढला असला तरी.